औषधं देताना सिस्टरला थांबवू नका

मेडिसिन वॉर्डात सकाळच्या औषधांची आणि नातेवाइकांच्या शंकांची वेळ नेमकी एकच येते. मी इन्सुलिन भरत असते. वायल ४० युनिटची, म्हणून सिरिंजही लाल टोपणाची, चाळिसाचीच हवी. चुकून शंभराची घेऊन तिच्या खुणांवर मोजलं, तर औषध निम्म्याहूनही कमी जातं. बुडबुडा काढून नजर विसाच्या रेघेवर आणते, तोच मागून हाक येते, “सिस्टर, बाबांची सलाईन संपत आलीय!”

अशा वेळी डोक्यातून पहिल्यांदा निसटतो तो आकडा. हातात सिरिंज असते, पण वीस भरायचे होते की बावीस? म्हणून हाकेला ओ दिली, की मी सिरिंज खाली ठेवते आणि केसपेपरपासून पुन्हा सुरुवात करते.

नव्या मुलींना वाटतं, सवयीने दोन्ही जमेल. चालता चालता बोलता येतं, कारण पाऊल टाकताना काही ठरवावं लागत नाही. डोस ताडून पाहणं आणि प्रश्नाला उत्तर देणं, दोन्हीकडे निर्णय लागतो. मेंदू असे निर्णय एकेक करून घेतो, दुसरा ताटकळतो, असं मानसशास्त्रज्ञ वेल्फर्ड यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं. मनात एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं. आम्हाला तर रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ अशा पाच गोष्टी तपासायच्या असतात!

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत परिचारिकांचं निरीक्षण करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दर व्यत्ययागणिक औषधांतल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. अनुभवी परिचारिकाही त्यातून सुटल्या नव्हत्या. माणूस निष्काळजी नसतो, त्याच्या लक्षाला मर्यादा असते.

अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे: विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही. औषधांच्या वेळेलाही तेवढाच मान हवा. आमच्या वॉर्डात त्या वेळी फोन दुसरी सिस्टर घेते आणि नातेवाइकांशी मावशी बोलतात. रुग्णाला त्रास होत असेल, तर बेलाशक हाक मारा. बाकीची विचारपूस मात्र औषधं देऊन झाल्यावर करा. तेव्हा माझं सगळं लक्ष तुमच्याकडेच असेल.