घराण्याच्या बायबलांतील एक पान

आमच्या घरीं आजोबांच्या काळचें एक जुनें बायबल आहे. त्याच्या आरंभींच्या कोऱ्या पानांवर घराण्यांतील जन्म, बाप्तिस्मा, विवाह व मरण यांची नोंद आहे. आजोबांच्या नांवापुढें "प्रभूमध्यें निद्रिस्त झाले" एवढेच शब्द आहेत. कोणत्या दुखण्यानें, तें लिहिलेलें नाहीं; आणि आम्हींही तें कधीं विचारलें नाहीं.

सन २०२१ मध्यें सततच्या थकव्यामुळें आम्हीं रक्त तपासून घेतलें. उपाशीपोटीं साखर १४८ निघाली. ती १२६ वा त्याहून अधिक असून दुसऱ्या तपासणींतही तशीच आढळली, तर मधुमेह समजतात. आमची दुसरी तपासणीही तशीच आली. डॉक्टरांनीं विचारलें, "घरांत कोणाला आहे का?" आम्ही "नाहीं" म्हणालों. तें असत्य होतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

आत्याबाईंस ही हकीकत सांगतांच त्या बराच वेळ स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना तेंच होतें रे. मोरीवर मुंग्या जमत. ठेच लागली ती भरलीच नाहीं, पाय चिघळला. पण आईनें बजावलें होतें, कोणाजवळ बोलायचें नाहीं. मुलींचीं लग्नें व्हायचीं आहेत." आमचे वडीलही हें जाणून होते, व न सांगतांच गेले.

त्या माउलीस दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. तिनें मुलींच्या संसारासाठीं मौन धरलें. परंतु त्याचें फळ नातवंडांस भोगावें लागलें. मधुमेह वर्षानुवर्षें कांहीं लक्षण न दाखवितां डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या नसा पोखरूं शकतो. आईबापांस तो असेल तर मुलांस होण्याचा संभव अधिक. मात्र वजन आटोक्यांत ठेवणें व नित्य चालणें यांनीं तो पुष्कळदां लांबवितां येतो, आणि वेळींच तपासणी केल्यास लौकर कळतो. ज्यास ठाऊक, तोच सावध.

यंदा आमच्या कन्येनें विचारलें, "बाबा, तुम्ही रोज गोळी कसली घेता?" "शक्तीची" हा शब्द आमच्या ओठांवर आलाच होता. आजीचेंच मौन आमच्या मुखांतून बोलूं पाहत होतें! आम्हीं तिला जवळ बसवून सारें सांगितलें. तिनें पणजोबांच्या नांवापुढें आपल्या हातानें "मधुमेह" असें लिहिलें, व त्याखालीं आमचेंही नांव घातलें.

विद्यार्थिमित्रहो, नाताळच्या सुटींत आजीआजोबांजवळ बसाल, तेव्हां त्यांच्या गोष्टींबरोबर त्यांचीं दुखणींही आदरानें विचारा. वाडवडिलांकडून आलेलें हेंही एक वतनच आहे. तें ठाऊक असणें बरें.