सोळा ओळींचा वॉल्ट्झ

थिओडोर रेट्की या अमेरिकन कवीची ‘माय पापाज वॉल्ट्झ’ आधी नुसती बघावी, मग वाचावी. चार-चार ओळींची चार कडवी. ओळी आखूड, यमकं एकाआड एक, दर कडव्याशेवटी पूर्णविराम. फळीवर ओळीनं लावलेल्या डब्यांसारखी ही कविता पानावर नीटनेटकी बसते. आत मात्र फळीवरची भांडी धडाधड खाली येतायत!

बाप पिऊन आलाय आणि पोराला धरून स्वयंपाकघरात नाचतोय. दारूच्या वासानंच पोराला गरगरतं, तरी ते घट्ट चिकटून आहे. बापाच्या बोटाचं पेर ठेचलेलं; कशानं, ते कवी सांगत नाही. त्याचं पाऊल चुकलं की दर वेळी मुलाचा उजवा कान बकलावर घासतो. मूल केवढं आहे, हे त्या बकलावरून कळतं. मातीनं राठ झालेला तळवा त्याच्या डोक्यावर ताल धरतो.

वॉल्ट्झ हा तीन ठोक्यांचा नाच, आणि इथं ओळीतही तीनच आघात. पण पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात दुसरी-चौथी ओळ शेवटी एका जादा अक्षरानं लांबते, पाय अडखळल्यासारखी. बाप झोकांडतो असं मग वेगळं सांगायला नको.

आणि आई? सोळांपैकी सातव्या-आठव्या ओळीत तिच्या चेहऱ्यावरची नाराजी तेवढी दिसते. ना ती बोलते, ना मध्ये पडते. लगेच पूर्णविराम, मग कोरी जागा. कवितेचा बरोबर मध्य तो हाच.

हा लाड की मार, यावर १९४२ साली छापून आलेल्या या कवितेबद्दल इंग्रजीच्या वर्गांत अजून वाद होतात. रेट्कीचे वडील ऑटो मिशिगनमधल्या सॅगिनॉ इथं काचघरांत फुलझाडं वाढवत. हातावरची माती तिथली. १९२३ मध्ये ते वारले तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याचा वडिलांवर जीव होता, हा लाडवाल्यांचा पुरावा. पण तो पुरावा लंगडा आहे. ज्याच्या हातचा मार खातं, त्याच्याच सदऱ्याला मूल लटकतं. दुसरं कोण असतं त्याला?

कवीच्या एका कच्च्या खर्ड्यात दारूच्या वासानं गरगरणारी लहान मुलगी होती. पुढं तिचा मुलगा झाला. मुलगीच राहिली असती, तर हा वाद इतका लांबला असता का, हे वाचकानंच सांगावं.