पाऊस, डांबर आणि फूटपाथची उंची

लोणावळ्यात फूटपाथची उंची पाऊस ठरवतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या गावात दुकानदाराला पाण्याची धास्ती असणारच. मग गटारावर फरश्या टाकायच्या, त्या होतील तितक्या उंच ठेवायच्या आणि त्यालाच फूटपाथ म्हणायचं. सार्वजनिक जागा दिव्यांग माणसाला वापरता येते का, हे टेप आणि उतारमापक घेऊन तपासणं हा माझा व्यवसाय आहे. मावळात माझी सगळ्यात जास्त वादावादी होते ती या उंचीवरून.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या संहितेनुसार कर्ब, म्हणजे फूटपाथची रस्त्याकडची कड, १५० मिलिमीटरहून उंच नसावा, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि रॅम्पचा उतार एकास बारा असावा. आता हिशेब मांडा. १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटरचा रॅम्प लागतो, म्हणजे फूटपाथची सगळी रुंदी त्यातच संपली. वर आलेली व्हीलचेअर वळणार कुठे? मग कंत्राटदार रॅम्प आखूड करतो, तो तीव्र होतो आणि जुलैत त्यावर शेवाळ धरतं. अशा जागी कोपऱ्याच्या आधीपासून अख्खा फूटपाथच हळूहळू रस्त्याच्या पातळीला उतरवावा लागतो. कर्ब मुळात १०० मिलिमीटरचा असेल तर हे काम कितीतरी सोपं होतं.

"१०० ठेवला तर पाणी दुकानात शिरेल," असं अभियंते सांगतात. त्यांची भीती खरी आहे, पण पाणी का तुंबतं ते पाहायला हवं. गटाराची तोंडं कमी असतात आणि जी असतात ती पानं-प्लास्टिकनं बुजलेली असतात. त्यात जुना थर न खरवडता वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढतं. रस्ता वर येतो, कर्ब बुडतो, रॅम्पच्या पायथ्याशी डबकं साचतं आणि पुढच्या कामात फूटपाथ आणखी उंच होतो. बाजारपेठेला लागून जाणारा जुना मुंबई-पुणे महामार्ग तर नगरपरिषदेचा नाहीच. डांबर एका यंत्रणेचं, फूटपाथ दुसरीचा. दोघांच्या पातळ्या एकत्र कोण मोजणार?

गटारावरच्या जाळीचंही तसंच. तिच्या फटी साधारण १२-१३ मिलिमीटरहून रुंद नकोत आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. नाहीतर कुबडीचं टोक किंवा व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं. इथल्या पावसाला एवढी बारीक जाळी पुरत नाही, हेही खरं. म्हणून पाण्याचं तोंड चालायच्या वाटेतून काढून कर्बच्या उभ्या बाजूला घ्यावं, आणि जवळजवळच्या अंतरावर घ्यावं.

तुंगार्लीसारख्या चढावर एकास वीसचा सौम्य उतार मिळणं अवघड. अमेरिकेच्या २०२३ च्या नियमांत फूटपाथला शेजारच्या रस्त्याइतका चढ चालतो. मला ते प्रामाणिक वाटतं. डोंगर सपाट करा असं कोण म्हणेल? मधूनमधून सपाट विसावा आणि कठडा मात्र द्यायला हवा. आडवा उतार तर डोंगरातही एकास पन्नासच्या आत राखता येतो. तो वाढला की व्हीलचेअर सतत रस्त्याकडे ओढली जाते आणि माणसाचे हात भरून येतात. धुक्यात कमी दिसणाऱ्यांना पिवळ्या उठावदार फरश्यांचा मोठा आधार होतो. त्यांवर दुचाकी लावू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

राखीव पार्किंगचा चौकोन ३.६ मीटर रुंद हवा, कारण दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावावी लागते. शनिवार-रविवारच्या गर्दीत ती जागा मोकळी राखायला माणूसच उभा करावा लागेल.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली, तेव्हा लोणावळा नगरपरिषद तिच्यातून वगळलेली होती. पण म्हणून दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मधून कोणी सुटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत असं बजावलं, आणि मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला.

माझी मागणी पुढच्या डांबरीकरणाच्या निविदेपुरती आहे. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडावा, कर्बची उंची कामाआधी आणि कामानंतर मोजून नोंदवावी, गटाराची तोंडं मे महिन्यातच साफ व्हावीत, आणि व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती त्या वाटेनं कोणाच्याही मदतीशिवाय जाऊन आल्यावरच शेवटचं बिल निघावं.