इंजिनाला मळवताना

२०१९ च्या गणपतीत नातू पुण्याहून इटारसीला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत मोदकाच्या साच्याशेजारी बुटांचे एक खोके होते. खोक्यात कापसाच्या गादीवर एक इंजिन निजले होते. वाफेचे, डब्ल्यूपी जातीचे, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. टेंडरसकट जेमतेम सव्वा वीत भरेल एवढे. प्लॅस्टिकचे पातळ तक्ते, पितळेची तार आणि वर्षभराची जाग्रणे यांतून त्याने ते उभे केले होते. आबांसाठीच.

आबा तेव्हा ८४ वर्षांचे होते. १९५५ साली ते रेल्वेत क्लीनर म्हणून लागले. मग सेकंड फायरमन, फायरमन, शंटर, ड्रायव्हर अशा पायऱ्या चढत १९९३ साली निवृत्त झाले. शेवटची काही वर्षे डिझेल इंजिनावर गेली, पण त्या वर्षांबद्दल ते फारसे बोलत नसत. डिझेलला ते ‘ते’ म्हणत, डब्ल्यूपीला मात्र ‘ती’.

ती होतीही तशीच. १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून पहिली १६ इंजिने भारतात आली आणि पुढे निरनिराळ्या देशांत, शेवटी आपल्या चित्तरंजनमध्ये बनून त्यांची संख्या ७५५ वर गेली. बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते नाक आणि त्या नाकावर रुपेरी तारा. मेल-एक्स्प्रेस गाड्यांना हेच इंजिन. स्टेशनात शिरताना आधी तो तारा दिसायचा आणि फलाटावरची पोरे मागे सरायची.

आबांनी इंजिन तळहातावर घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ नुसते पाहिले. “तारा बरोबर आहे,” एवढेच म्हणाले. ही त्यांची शाबासकी होती.

“अजून पुरं झालं नाही, आबा,” नातू म्हणाला. “आता ते मळवायचं राहिलंय.”

“मळवायचं?”

आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “घ्या! चाळीस वर्षं यांच्या कपड्यांचं काळं काढता काढता माझी बोटं झिजली. आणि हा पैसे मोजून काळं विकत आणतोय!”

नातवाचे म्हणणे खोटे नव्हते. लहान प्रतिकृती कितीही नेटकी रंगवली तरी ती खेळण्यासारखी दिसते. कारण खऱ्या वस्तूवर सांधे, रिव्हेट, खाचा यांच्या कडेला सावली पडते, धूळ आणि तेल साचते. इतक्या लहान आकारात ती सावली आपोआप पडत नाही, रंगाने आणावी लागते. त्यासाठी चित्रकारांचा ट्यूबमधला तैलरंग घ्यायचा, एका भागाला नऊ-दहा भाग थिनर घालून पाण्यासारखा पातळ करायचा आणि कुंचल्याच्या टोकाने सांध्याला नुसता टेकवायचा. रंग सांध्यातून आपणहून धावत जातो. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच न्यायाने. जास्तीचा रंग थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्यायचा.

पण याला एक अट आहे, आणि ती नातवाने ठेच लागून शिकली होती. आदल्या वर्षी त्याने कोळशाची एक वाघीण इनॅमल रंगाने रंगवली आणि वर थेट टर्पेंटाइनमधला तैलरंग सोडला. टर्पेंटाइनने खालचा इनॅमलच विरघळवला आणि वाघिणीचा चिखल झाला. म्हणून यंदा खालचा रंग पाण्यातला, ॲक्रिलिक. त्यावर चकचकीत वार्निशचा हात. ते कडक वाळले की मगच तैलरंग. वार्निश मध्ये भिंतीसारखे उभे राहते. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ रंग सांध्याकडे धावतो. खरखरीत पृष्ठभागावर तो जागीच जिरतो आणि सगळे इंजिन कळकट होते.

पुण्याहून निघण्याआधीच वार्निश वाळले होते. दुसऱ्या दिवशी, आरती आटोपल्यावर, नातवाने गॅलरीत रंगांच्या ट्यूब मांडल्या. काळा, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, पांढरा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर थोडाथोडा रंग पिळून तासभर तसाच ठेवला. पुठ्ठ्यावर प्रत्येक ठिपक्याभोवती तेलाचे कडे उमटले. आजीने वास घेतला. “हे तर जवसाचं तेल!” आणि खरेच ते जवसाचेच असते. पुठ्ठा ते जास्तीचे तेल शोषून घेतो, म्हणजे रंग लवकर वाळतो आणि तुकतुकीत दिसत नाही. जवसाची चटणी करणाऱ्या घरात हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आबा दुपारची झोप काढून उठेपर्यंत नातवाने इंजिन मळवून ठेवले होते. बॉयलरवर, टेंडरवर, चाकांवर तांबूस ओघळ. गंज. काम फार सफाईचे झाले होते, त्यात शंका नाही. त्याने इंजिन आबांसमोर धरले.

आबांनी ते हातात घेतले नाही. थोडा वेळ पाहिले, “छान आहे” म्हणाले आणि काठी घेऊन फिरायला निघून गेले. रात्री जेवताना गप्प होते.

नातवाला काही कळेना. मग भांडी आवरताना आजीने सांगितले. आबांकडे जे इंजिन बरीच वर्षे होते, ते कंडम ठरले तेव्हा शेडच्या मागच्या रुळावर नेऊन उभे केले होते. दोन पावसाळे ते तिथे भिजत होते. त्या दोन वर्षांत आबा कामावर जाताना सरळ रस्ता सोडून पुलावरून लांबचा फेरा घालत. घरी यायला उशीर का होतो, म्हणून आजीने एकदा विचारले, तर म्हणाले, “तिकडून दिसते ती.” मग एक दिवस ते इंजिन भंगारात गेले आणि आबा पुन्हा सरळ रस्त्याने जाऊ लागले.

नातवाचा दोष तरी काय होता? त्याच्या पिढीने वाफेचे इंजिन पाहिले ते फोटोत, आणि त्यांतले कितीतरी फोटो शेवटच्या काळातले, यार्डात टाकून दिलेल्या इंजिनांचे. त्याला वाटले, जुने इंजिन म्हणजे गंजकेच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो गॅलरीत बसला. तैलरंगाचा एक मोठा गुण आहे; तो पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो. त्याला काही दिवस लागतात. एका रात्रीत काही बिघडलेले नव्हते. त्याने चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि पुसायला लागला.

“असं नाही. वरून खाली. आणि चिंधी फिरवत राहा, त्याच जागेनं पुन्हा पुसू नको.”

आबा मागे उभे होते. त्यांनी जुन्या बनियनचा तुकडा आणला होता. क्लीनरच्या नोकरीत पहिली कित्येक वर्षे त्यांनी रॉकेल आणि कॉटन वेस्ट घेऊन हेच केले होते. हात कापत होता, पण पुसण्याला कापऱ्या हाताची अडचण नसते. अर्ध्या तासात गंज चिंध्यांवर आला आणि खालचा काळा रंग, वार्निशमुळे, जसाच्या तसा निघाला.

“चालत्या इंजिनाला गंज कसला रे? ती रोज तापते, रोज तेल पिते. मळते, पण निराळी मळते.”

आणि मग आबा बोलू लागले. खराट्याची एक काडी घेऊन त्यांनी जागा दाखवायला सुरुवात केली. धुराड्याच्या भोवती आणि बॉयलरच्या पाठीवर काजळी. ती मखमलीसारखी, चमक नसलेली. स्मोकबॉक्सच्या खाली करडी राख, कारण तिथून राख उपसतात. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली पांढरे ओघळ. “पाण्यात क्षार असतो ना? आपल्या हंड्याच्या बुडाला बसतो तोच. वाफेबरोबर पाणी आलं की ते वाळतं आणि चुना मागं राहतो.” फायरबॉक्सच्या कडेला वॉशआउट प्लग असतात, तिथेही तसेच, पण बारीक. टेंडरच्या माथ्यावर कोळशाची भुकटी. पाणी भरण्याच्या झाकणाभोवती मात्र स्वच्छ, कारण तिथे दर खेपेला पाणी सांडते. चाकांवर आणि त्यांच्या आसपास तपकिरी धूळ. ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकावर घासून निघालेली. “हा तुझा गंजाचा रंग इथं चालेल,” आबा म्हणाले, “पण थोडा काळा मिसळ.”

नातू लिहून घेत होता. इंटरनेटवरच्या शंभर फोटोंतही त्याला ते पाण्याच्या झाकणाचे सुचले नसते.

पांढऱ्या ओघळाची रीत त्याने आबांना शिकवली. रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा, थिनरमध्ये बुडवून टिपून घेतलेला चपटा कुंचला त्यावरून सरळ खाली ओढायचा. ठिपका विरत विरत रेघ होते. नातवाने पाच-सहा ओढल्या. सांध्यांत काळा सोडण्याचे काम मात्र आबांनी स्वतः मागून घेतले. कुंचला थरथरत रिव्हेटच्या ओळीला टेकला आणि रंग आपला ओळीने चालू लागला. एक थेंब भलतीकडे पडला. नातवाने तो टिपायला काडी उचलली.

“राहू दे,” आबा म्हणाले. “तिथं इंजेक्टरचं पाणी गळायचं.”

हे खरे होते की थेंब लपवायची युक्ती, ते नातवाने विचारले नाही.

काम संपल्यावर आबांनी सगळ्या चिंध्या मोजून घेतल्या आणि बादलीतल्या पाण्यात बुडवल्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळता वाळता आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. हे त्यांना रंगकामातून नाही, शेडच्या शिस्तीतून ठाऊक होते.

चार दिवस इंजिन देवघराच्या वरच्या फळीवर वाळत राहिले. मग शेवटचा हात, चमक मारणाऱ्या वार्निशचा. नातवाची सुट्टी संपत आली होती आणि पाऊस काही थांबत नव्हता. त्याने घाईने भरपावसातच फवारा मारला. दमट हवेत वार्निशमधले द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले पाणी त्यावर धरते आणि वार्निश दुधाळते. पाहता पाहता इंजिनावर दह्याची साय आल्यासारखे झाले, तारासुद्धा दिसेना. नातवाच्या तोंडचे पाणी पळाले.

“धुकं आहे,” आबा शांतपणे म्हणाले. “सकाळची गाडी. उतरेल.”

ते आपोआप उतरणारे नव्हते. पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडले. नातवाने चकचकीत वार्निशचा एक पातळ हात दिला, तशी पांढरी साय विरली आणि खालची काजळी, चुना, राख, सगळे वर आले. दुपारी, हवा कोरडी असताना, चमक मारणारे वार्निश पुन्हा, दुरून, हलके हलके. इंजिन काजळीसारखे निवले.

“आता चाकांच्या दांड्यांना चमक दे,” आबा म्हणाले. “तिथं नेहमी तेल असायचं.” एका केसाच्या कुंचल्याने दांड्यांवर चकचकीत वार्निश परत लागले.

राहिला टेंडरमधला कोळसा. आजीने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून दोन तुकडे आणून दिले. आबांनी ते बोटांत चुरून पाहिले आणि परत केले. “हा लोणारी कोळसा. यावर चहा होईल, मेल नाही ओढायची.”

नातू दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. इंजिन आबांकडेच राहिले, टीव्हीशेजारी, काचेच्या पेटीत, रिकाम्या टेंडरसकट. आजी रोज फडके मारताना फक्त काच पुसते. महिन्याभराने नातवाला आबांचा फोन आला. जुन्या ओळखीतल्या कुणाच्या तरी माळ्यावर दगडी कोळशाचा एक ढेकूळ मिळाला होता. “दिवाळीत येशील ना? मी कुटून, चाळून ठेवतो. खडे मुगाच्या डाळीएवढे ठेवू, की त्याहून बारीक?”