भिंतीवरचा येशू

वसईकडच्या आमच्या पिढीला देव म्हटलं की आधी चौकट आठवते. दारातून आत आलं की समोर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाल झिरोचा दिवा. मागे खोचलेला झावळ्यांच्या रविवारचा क्रूस, वर्षभर वाळून पिवळा पडलेला. काच तडकली तर नवी बसायची, चौकटीला कसर लागली तर सुतार बोलवायचा, दिवा उडाला तर त्याच संध्याकाळी कुणीतरी पापडीच्या बाजारात पिटाळलं जायचं. चित्र मात्र बदलायचं नाही. त्यातल्या येशूचे डोळे निळसर आणि केस तांबूस होते, पण तो परका आहे असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

जुन्या कॅलेंडरचं काय करायचं, हा दर डिसेंबरचा पेच. तारखा संपल्या, पण वर मारियामाता होती ना! मग तारखा कापायच्या, माता ठेवायची. ती ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटायची, कपाटाच्या दारावर जायची, कोठीत तांदळाच्या डब्यामागे उभी राहायची. अगदीच चिंध्या झाल्या तर वाडीत जाळायची आणि राख माडाच्या बुंध्याशी घालायची. केरात नाही म्हणजे नाही.

अशा घरात नगरची काकू सून म्हणून आली. तिचं माहेर अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट; आम्ही कॅथलिक. 1831 पासून नगरला रुजलेल्या त्या मिशनच्या घरात भिंतीवर भरतकामातलं एखादं वचन, बाकी चुना. रोझरीला ती आमच्यात बसायची, पण नजर खाली. एकदा आजीनं विचारलंच, “काय गं, तुमच्याकडे येशूचा साधा फोटोसुद्धा नाही?” काकू म्हणाली, “आई, त्याचा फोटो काढला कुणी?”

सुट्टीत तिची भाचरं आली की दहा आज्ञांवरून जुंपायची. आमची दुसरी आज्ञा देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची, त्यांची दुसरी कोरीव मूर्ती न करण्याची. आमच्यात तो मूर्तीचा मजकूर पहिल्या आज्ञेच्याच पोटात घातलेला, आणि दहाचा हिशेब शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करून जुळवलेला. पोरांना एवढं कुठलं माहीत? “तुम्ही एक खाल्ली!” “तुम्ही एक वाढवली!”

शेवटी फादरांना विचारलं. ते म्हणाले, 787 साली निकायाच्या धर्मसभेत हे ठरलं आहे. चित्राला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीला पोचतो. पुत्रानं देह धारण केला, म्हणून त्याचं चित्र काढता येतं. आजीला पटलं. काकू तेवढ्यावर थांबणारी नव्हती. “मग त्रैक्याच्या चित्रात पांढऱ्या दाढीचा पिता असतो, त्यानं कधी देह घेतला?” फादरांनी चहा मागितला.

पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकारानं मारियेला साडी नेसवली, म्हणून गोव्यातच लोक रागावले होते. त्याच्या चित्राचं एक कार्ड आमच्याकडे कुठून तरी आलं होतं. आजीनं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, “ही तर आपल्यातलीच बाई.” नंतर ते प्रार्थनेच्या पुस्तकात गेलं. भिंतीवर नाही.

खरी गंमत पुढे झाली. 1979 साली लूकच्या शुभवर्तमानावरून इंग्रजीत निघालेला ‘जीझस’ हा चित्रपट मराठी बोलू लागला आणि मैदानात चादर ताणून दाखवला जाऊ लागला. दाखवणारी मंडळी कोण? भिंतीवर चित्र न लावणारी! आजी काकूला म्हणाली, “भिंतीला चालत नाही, चादरीला चालतं?” काकू म्हणाली, “चादर घडी करून ठेवता येते.” आजीला हसू आवरेना. मला आजही ते उत्तर फादरांच्या उत्तराइतकंच वजनदार वाटतं.

सिनेमाची ओढ तशी जुनीच. 1910 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना फाळक्यांच्या डोळ्यांसमोर आपले राम-कृष्ण आले, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मग आम्ही तरी मागे का राहावं? 1978 च्या तेलुगू ‘करुणामयुडु’चा हिंदी ‘दयासागर’ झाला, तो पाहताना बायका पदर डोळ्यांना लावायच्या. जुन्या ‘बेन-हर’मध्ये येशूचा चेहराच दाखवत नाहीत. तो काकूचा लाडका सिनेमा, हे सांगायला नकोच. पण ती बोलायची त्यात तथ्य होतं. तसबीर गप्प असते, तिच्याशी बोलायची पाळी आपली असते. नट चालतो, बोलतो, रडतो, आणि मग डोळे मिटले तरी तोच पुढे उभा राहतो. मेल गिब्सनचा येशूच्या यातनांवरचा 2004 चा सिनेमा पाहून आलेल्यांना त्या वर्षी क्रूसाच्या वाटेवर चौदाही स्थानकांत फटकेच ऐकू येत होते.

आता घरातली पोरं मोबाइलवर ‘द चोझन’ ही येशूवरची मालिका बघतात. दिग्दर्शक प्रोटेस्टंट, येशू झालेला नट कॅथलिक. म्हणजे आमच्याच घरासारखी सोयरीक. त्यातला येशू विनोद करतो, लग्नात नाचतो. परवा पोरांतलं धाकटं तसबिरीपुढे उभं राहून म्हणालं, “हा तो नाही.” काकूनं वाती वळता वळता वर पाहिलं आणि म्हणाली, “मी चाळीस वर्षं हेच सांगतेय.”