शेऱ्याचा रकाना

अब्बांचा चाळिसावा झाला आणि आम्ही भावंडांनी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवल्या. आम्ही म्हणजे आपा, भाईजान आणि हे लिहिणारा, उर्दू शाळेतला मास्तर. अम्मी पलंगावर बसून पाहत होत्या.

अब्बा उदगीरला कचेरीत कारकून होते. पगार झाला की तांबटाच्या दुकानात डोकावायचे. लोकांनी मोडीत घातलेली भांडी वजनावर विकत आणायचे. गुलाबपाश, उगालदान, सुरमादाणी, कलई उडालेली देगची, बिदरी सुराही. "भंगार पुरे," असं अम्मी म्हणायच्या आणि तेच भांडं पुसून ठेवायच्या.

पहिल्याच दिवशी आमच्या हातून चूक झाली. तांबं उजळतो तशी बिदरी सुराही चिंच-राखेनं घासली. बिदरीचा धातू मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदीची नक्षी जडवतात आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं त्याला काळेपणा आणतात. तो काळेपणाच तिचा दागिना. आम्ही तो एका बाजूनं राखाडी करून टाकला. त्यानंतर ठरलं, आधी नोंद, मग हात लावायचा.

नोंदीसाठी शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरचा नमुना घेतला. अनुक्रमांक, वस्तू, नग, किंमत, कोणाकडून मिळाली, शेरा. त्यात माप, वजन आणि फोटोचा क्रमांक वाढवला. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवली. क्रमांकाची चिठ्ठी गोंदानं न चिकटवता सुती दोऱ्यानं बांधली. सुट्टीच्या दिवशी बसत तीन महिन्यांत 112 नोंदी झाल्या.

सालांनी घाम काढला. चारमिनारच्या हाली रुपयावर 1330 होतं. भाईजाननी त्यात 622 मिळवले आणि 1952 आलं, म्हणजे निजामी राज्य संपून गेल्यानंतरचं! हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून आधी 0.97 नं गुणायचं आणि मग 622 मिळवायचे. उत्तर 1912. म्हणजे रुपयानं शंभरी ओलांडली. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं असतील तर सरकारदरबारी नोंदवावी लागतात. आमच्याकडे तसं काही निघालं नाही.

मग वाटणीचा हिशेब. अम्मींचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलीला एक तर मुलाला दोन. चाळीस भाग धरले तर अम्मींचे पाच, आपाचे सात, आम्हा भावांचे चौदा-चौदा. फळ्यावर गणित सुटतं, पण गुलाबपाशाचे चाळीस भाग कसे करणार? भाईजानना लेकीच्या फीची काळजी होती. त्यांनी एका व्यापाऱ्याला यादी दाखवली. सगळ्यात मोठी किंमत 38 नंबरच्या पानदानाला आली. आम्ही सगळेच मनातून सुखावलो.

त्या रात्री आपानं पानदानातली कुल्फी उचलली. तळाशी अब्बांच्या हातची उर्दू चिठ्ठी होती. 1948 च्या सप्टेंबरात, पोलीस अॅक्शनच्या दिवसांत, गल्लीतल्या एका बाईंनी हे दादीकडे ठेवायला दिलं आणि त्या हैदराबादेकडे निघून गेल्या. पुढे दोनच शब्द होते: अमानत, विकू नये.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाईजाननीच व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, मालक किंवा वारस शोधा, आशाच सुटली तर मालकाच्या नावानं सदका करा. म्हणजे 38 नंबर चाळीस भागांत धरायचाच नाही.

बाकीच्यांचं काय? सालारजंग तिसरे 1949 मध्ये निपुत्रिक वारले आणि 1951 मध्ये त्यांच्या संग्रहाचं म्युझियम उघडलं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी मात्र हयातीतच, 1975 मध्ये, आपला संग्रह सरकारला दिला. आमचा संग्रह त्यांच्यापुढे काय? पण प्रश्न तोच. वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते. हिबा हयातीत करायचा आणि ताबाही द्यायचा. चौघांच्या सह्यांनी कागद केला. रोजच्या वापराची भांडी वाटून घेतली, हमामदस्ता आपानं नेला. बाकीचं एकत्र अम्मींपाशी राहील. पुढे एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्यायचं झालं तर रजिस्टरसकट द्यायचं.

कारण शेऱ्याच्या रकान्याशिवाय ही मोडीचीच यादी आहे. आमची मुलं इंग्रजी शाळेत जातात, अब्बांच्या चिठ्ठ्या त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक शेरा आम्ही उर्दूत उतरवला आणि खाली मराठीत लिहिला. अम्मींनी सांगितलेलंही त्यात घातलं, कुठली देगची कुणाच्या निकाहाला चढली होती ते.

38 नंबरच्या पानावर अर्धी जागा कोरी ठेवली आहे. 1948 मध्ये उदगीर सोडलेल्या एखाद्या घरात या पानदानाची आठवण निघत असेल, तर त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला काय कोरलं आहे ते सांगावं. आम्ही ते इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.