ठाकूरचे हात, आमचे हात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीची जेवणं झाली होती. भाच्याच्या खोलीत वस्तीतली चार-पाच पोट्टी एका मोबाइलवर डोकी घालून बसली होती. मधूनच ओरडत होती, "मार! अजून मार!" मला वाटलं, कुठला तरी सिनेमा असेल. डोकावून पाहिलं तर आपलं नागपूरच. कस्तुरबानगर. अक्कू यादववर २०२२ साली जी मालिका निघाली, तिचा भाग चालू होता.

भाच्याच्या कपाळाला पट्टी होती. तीन टाके. दोन दिवस आधी तो पार्सल द्यायला एका सोसायटीत गेला होता. गाडीवर 'जय भीम' लिहिलेलं. तेवढ्यावरून तिघांनी अडवलं, जात काढली, मारलं. अंगावर घरी आलेला शर्ट माझ्या बहिणीनं अजून धुतला नव्हता.

मी पोरांना म्हटलं, "हे काहून पाहून राह्यले बे आज?"

त्यातला एक म्हणाला, "काका, शिकून राह्यलो. पंधरा मिनिटांत निकाल. ना तारीख, ना वकील."

भाचा काही बोलला नाही. पण त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. कारण ते मी आधी एकदा पाहिलं होतं. माझ्या बाच्या डोळ्यांत.

*

'शोले' आला १५ ऑगस्ट १९७५ ला. देशात आणीबाणी. नागपुरात लागला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. बा मिलमध्ये कामाला. पैसा मोजून खर्च करणारा माणूस, पण हा सिनेमा त्यानं तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी मला घेऊन गेला.

घोडे, बंदुका, ओसाड दगडांचा माळ, आणि एका माणसाच्या मनातला सूड. अमेरिकेतल्या 'वेस्टर्न' सिनेमांचा हा साचा. ठाकूरच्या घरातल्या माणसांना गब्बर गोळ्या घालतो, तो प्रसंग सर्जिओ लिओनेच्या १९६८ च्या सिनेमावरून घेतला आहे, हे मला फार पुढं कळलं. त्या वेस्टर्न सिनेमांत सूड गोऱ्याचा असतो. ज्यांची ती जमीन होती ते मूळचे लोक घोड्यावरून पटापट पडतात. त्यांना नाव नाही, त्यांच्या मागं रडायला कोणी नाही. त्यांचा सूड कोणी घेत नाही.

रामगढचंही तसंच. तिथं मंदिर आहे, मशीद आहे, ठाकूरची हवेली आहे, पाण्याची टाकीसुद्धा आहे. आमची वस्ती कुठं आहे? मेलेलं ढोर कोण ओढतं रामगढमध्ये? तीन तासांच्या वर सिनेमा चालतो, पण गावाचा तो कोपरा काही दिसत नाही.

हे सगळं मी आज म्हणतो. तेव्हा मीही शिट्ट्या मारल्या. ठाकूर गब्बरला पायाखाली तुडवतो तेव्हा सगळं टॉकीज उभं राहिलं. बा मात्र बसून होता. ऐन वेळी पोलीस येतो आणि ठाकूरला थांबवतो, गब्बरला कायद्याच्या हवाली कर म्हणतो. टॉकीजभर 'हॅट्' झालं.

परतताना बा सायकल हातात धरून चालत होता. एकदम म्हणाला, "त्याले दोन्ही हात नव्हते रे. तरी त्यानं धरला गब्बरले. आमाले तं दोन्ही हात होते."

माझा मोठा बाप, म्हणजे बाचा मोठा भाऊ, १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन गावी गेला. गावात त्यानं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. गावानं त्याला चावडीपुढं मारलं. कंबर मोडली. पुढं पाच वर्षं तो खाटेवरच होता, खाटेवरच गेला. बा तेव्हा सोळा वर्षांचा. त्यानं सगळं पाहिलं, हात बांधून. मग नागपूरला आला आणि मिलमध्ये लागला. त्या रात्रीपर्यंत त्यानं ही गोष्ट मला सांगितली नव्हती. ठाकूरनं ती त्याच्या तोंडून काढली.

त्या सिनेमाचा खरा शेवट वेगळा होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारून टाकतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरनं तो बदलायला लावला. माणसानं कायदा हातात घेतलेला दाखवायचा नाही म्हणे! ज्या सरकारनं कायदा स्वतःच्या खिशात घातला होता, त्यालाच कायद्याची एवढी काळजी. पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, तो मूळ शेवट लोकांना दाखवला गेला. बा तेव्हा नव्हता. असता तर चौथ्यांदा पाहिला असता.

*

आता कस्तुरबानगरचं. त्या मालिकेत पोरांना जे दिसलं ते पंधरा मिनिटांचं. १३ ऑगस्ट २००४. नागपूरचं जिल्हा न्यायालय. बलात्कार, खून, खंडणी यांनी वस्ती जाळून काढणारा गुंड पोलिसांच्या पहाऱ्यात आणला होता. शेदोनशे बाया आत शिरल्या. तिखटाची पूड, दगड, सुऱ्या. तो तिथंच संपला.

त्या बायांवर मी बोट उचलणार नाही. वर्षानुवर्षं त्यांनी तक्रारी केल्या, आणि तक्रार करणारीचं नाव गुंडाला आधी कळायचं. बहुतेक घरं आपली, दलितांची. जामिनावर तो पुन्हा वस्तीत येणार या भीतीनं त्या कोर्टात गेल्या. कायदा त्यांच्या दारी कधी आला नाही, म्हणून त्या कायद्याच्या दारी गेल्या. जे झालं ते कोर्टातच झालं, याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

पण पोरांनो, पुढचं पाहा. पोलिसांनी काहींना धरलं तेव्हा बाकीच्या बाया म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना धरा. खटला चालला. सुटका झाली ती २०१४ मध्ये, पुराव्याअभावी. दहा वर्षं! दहा वर्षं त्या घरांनी तारखा केल्या, मजुरी बुडवली. आरोपींतले काही निकालाआधीच मेले. कोण म्हणतो सुडाला तारीख पडत नाही? सुडालाही तारखा पडतातच. फक्त त्या आपल्याच नावानं पडतात.

हे मी त्या रात्री पोरांना सांगितलं. भाचा तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मामा, अन् खैरलांजी?"

मी गप्प झालो.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भैयालाल भोतमांगे यांची बायको सुरेखा, मुलगी प्रियांका, मुलं सुधीर आणि रोशन. चौघांना गावानं मारलं. सुरेखा आणि प्रियांका यांनी काय केलं होतं? एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढं साक्ष दिली होती. कायद्यानं जायला सांगितलं त्या वाटेनं त्या गेल्या. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे झालं.

"साक्ष देऊन मेल्या," भाचा म्हणाला. "तू मले तेच कर म्हणतो."

नोव्हेंबर २००६ मध्ये मी नागपुरात रस्त्यावर होतो. लाठ्या खाल्ल्या. नंतर निकालांची वाट पाहिली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. आणि म्हटलं, हे जातीतून झालेलं नाही, सुडातून झालेलं आहे.

सूड! तो शब्द वाचला तेव्हा मला टॉकीज आठवलं. ठाकूर सूड घेतो तेव्हा तो शूर. आमच्या बायांनी घेतला तर तो गुन्हा. आणि आम्हाला मारलं की त्यालाही सूडच म्हणायचं, म्हणजे जात आपोआप पुसली जाते. एकच शब्द, तीन ठिकाणी तीन कामं करतो. आमच्या बाजूनं एकदाही नाही. भैयालाल न्यायासाठी कोर्टांच्या पायऱ्या चढता चढता जानेवारी २०१७ मध्ये नागपुरातच गेले.

*

मग मी भाच्याला काय सांगितलं? खरं सांगतो, त्या रात्री काहीच नाही. झोप लागली नाही. पहाटे महाड आठवलं.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मांडवात परतले. सनातन्यांनी हल्ला केला, जेवणाऱ्यांना झोडपलं. आपल्या लोकांत पलटणीतून आलेले जवान होते. बंदूक चालवून आलेले हात. इशाऱ्याची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी इशारा दिला नाही. लोकांना आवरलं आणि पोलिसांत फिर्याद केली. हल्ला करणाऱ्यांतले काही पुढं तुरुंगात गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी जाळलं ते एक पुस्तक. माणूस नाही. आणि तळ्याचा दावा उच्च न्यायालयात जिंकला तो १७ मार्च १९३७ ला.

दहा वर्षं. महाडला दहा, कस्तुरबानगरलाही दहाच. फरक एवढाच की महाडच्या दहा वर्षांतून तळं सगळ्यांचं झालं. माझ्या मोठ्या बापाची कंबर मोडली तेव्हा ॲट्रॉसिटी कायदा नव्हता. बाच्या दोन हातांत काही नव्हतं. आज १९८९ चा कायदा आहे, आणि तो कुणी दया म्हणून दिलेला नाही.

सकाळी भाच्याला उठवलं. म्हटलं, "तो शर्ट घे. धुवायचा नाही." ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबानं आधी आपसांत मिटवा म्हटलं, मग साधी मारहाण लिहितो म्हटलं. जातीवरून दिलेली शिवी लिहायला पेन उचलेना. पण आम्ही दोघं नव्हतो. वस्तीतले तेवीस जण बाहेर उभे होते. घोषणा नाही, दगड नाही, नुसते उभे. बहिणीनं कायद्याचं चौथं कलम मोठ्यानं वाचलं. कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, ते हे कलम. चार तासांनी गुन्हा नोंदला गेला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली. तपास सहायक पोलीस आयुक्ताकडे गेला, कारण नियम तसा आहे.

खैरलांजीच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. सुरेखाबाई साक्ष देऊन मेल्या नाहीत. साक्ष देऊन त्या गावात एकट्या राहिल्या, म्हणून त्यांना मारता आलं. साक्षीदाराला एकटं सोडून आपण मोर्चे काढतो. मोर्चा पाहिजेच. पण मोर्चा एक दिवसाचा आणि तारीख दर महिन्याची. तारखेला कोण असतं? फिर्यादी, त्याची माय, आणि समोर आरोपीचे पन्नास लोक.

भाच्याची केस चालू आहे. आतापर्यंत अकरा तारखा झाल्या. दोनदा वकील आला नाही, एकदा साहेब रजेवर. आरोपींच्या बाजूनं पैशाचा निरोप आला, मग धमकीचा. भाचा कधी कधी म्हणतो, "मामा, तुहा पिक्चर लय लांब हाये." खरं आहे. मी त्याला जिंकशीलच म्हणून सांगत नाही. पण गेल्या तारखेला त्यानं आरोपीकडे बोट करून दिवाणी सोसायटीच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत सांगितलं, "ह्यानंच मारलं मले, अन् हे बोलला." हात थरथरत नव्हता. मला बा आठवला. दोन्ही हात होते म्हणणारा.

तारखेला आम्ही दहा जण जातो. कधी सातच असतो. मजुरी कोणालाच बुडवता येत नाही, म्हणून पाळी लावली आहे. पुढच्या पाळीत तीन नावं कमी पडतात. जे वाचताय त्यांनी सांगा, कोण कोण येता.

जय भीम.